झुल्मिराचं घर कोर्टात गेलं

झुल्मिरा तीस वर्षं एउरिकोबरोबर राहिली, पण लग्न काही झालं नाही. पाद्री यायचा तेव्हा हा मासे धरायला गेलेला, आणि हा घरी असायचा तेव्हा पाद्री पुढच्या बेटावर. एउरिको गेला आणि मागे उरलं ओंडक्यांवर तरंगणारं एका खोलीचं घर. लगेच त्याचा पुतण्या वाल्देसी हक्क सांगत आला.

“बाई, तू काकाची स्वयंपाकीण. घर माझं.”

“स्वयंपाकीण? माझ्या हातचं कालवण कधी खाल्लंयस का रे?”

आम्ही शेजारी हसू दाबत नदीकडे बघत राहिलो. आम्ही ते खाल्लं होतं.

दोन महिन्यांनी न्यायाची बोट आली. कोर्ट आमच्याकडे पाण्यावरूनच येतं. दोन्हीकडे साक्षीदारांची संख्या सारखीच निघाली, तेव्हा कारकून म्हणाला, “एकत्र संसार केल्याचा काही पुरावा असेल तर उद्या सकाळी आणा. दुपारी बोट सुटेल.”

कागद तर एकही नव्हता. संध्याकाळी ती आढ्याला टांगलेल्या, झोपायच्या झुल्यात आडवी झाली. शेजारचा एउरिकोचा रिकामा झुला लाटेबरोबर हलत होता, मधूनच तिच्या झुल्याला टेकत होता. तिनं वर आढ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली.

सकाळी समुद्राची भरती नदीत शिरताच तिनं घराचे दोर सोडले आणि ते माझ्या होडीला बांधले. धुक्यात पाणी दुधासारखं. छपरावर कोंबडी, चुलीवर पातेलं, दारात झुल्मिरा. तिला वाटलं, घर जागीच आहे. काठावरची झाडंच एकामागून एक साक्षीला निघाली आहेत.

घर न्यायाच्या बोटीला टेकलं, तशा न्यायाधीशबाई बोटीवरून घरात उतरल्या. आढ्याच्या तुळईवर झुल्यांच्या दोरांनी झिजवलेल्या दोन खाचा होत्या, वीतभर अंतरावर, सारख्याच खोल.

“कुणी पाहुणा झोपला असेल,” वाल्देसी पुटपुटला.

बाईंनी खाचेत बोट फिरवलं. “पाहुण्याच्या दोरानं लाकूड इतकं झिजत नाही. यातली तुमची कोणती, झुल्मिराबाई?”

झुल्मिरानं आठवून पाहिलं. “ते नाही सांगता यायचं, बाई. जो आधी दमायचा तो जवळच्या झुल्यात पडायचा.”

घर तिच्या नावावर झालं.

तोवर ओहोटी लागली. भरतीशिवाय घर हलणार नाही आणि वाल्देसीची होडीही चिखलात रुतलेली. झुल्मिरानं दोन थाळ्या वाढल्या. त्यानं एक घास घेतला, गिळला, आणि मान खाली घालून म्हणाला, “काकी, थोडं मीठ दे.”