दारू सोडवणारा दोरा

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात कुणालाही विचारा, दारू सोडवणारा बाबा कुठे बसतो ते झोपेतही सांगेल. कोणती एसटी धरायची, नारळ कुठून घ्यायचा, सगळं तोंडपाठ. अशा माणसाला कोणत्या दवाखान्यात न्यायचं, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं.

माझा मोठा भाऊ सकाळी तोंड धुवायच्या आधी प्यायचा. वैतागून वहिनीने त्याला बाबाकडे नेलं. बाबाने मनगटाला काळा दोरा बांधला आणि बजावलं, आता थेंब जरी घेतला तर बायकोपोरांवर येईल. दादा मुळात भित्रा. त्या घटकेपासून त्याने बाटलीला हात लावला नाही. गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

दोनेक दिवसांत त्याचे हात कापायला लागले. मग घाम, मग अंगावर नसलेल्या मुंग्या दिसायला लागल्या. "झाडा न त्या," म्हणत तो स्वतःचंच अंग ओरबाडायचा. वहिनीचा फोन आला तशी मी माहेर गाठलं. अंगणात ही गर्दी, आणि सगळ्यांचं एकच. "आतलं भूत बाहेर निघून राह्यलं. हात लावू नका." आजार म्हशीला अन् औषध पखालीला! माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात दादाला झटका आला, दातखीळ बसली. मी कुणाचं ऐकलं नाही. गाडी ठरवली आणि त्याला घेऊन थेट यवतमाळला गेले.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "दारू एकदम काहून बंद केली?"

 इतकी वर्षं बंद कर म्हणून आम्ही त्याला शिव्या घातल्या होत्या.

"रोज एवढी पेणाऱ्यानं घरीच एकदम सोडली तर जीव जाऊ शकते," त्या म्हणाल्या. "औषधावर सोडवा लागते, दवाखान्यात."

एवढी साधी गोष्ट. दारू सोडा म्हणून भिंती रंगवणाऱ्यांनी ती कशी सोडायची हे एका ओळीत लिहिलं असतं, तर काय रंग संपला असता? अजूनही तसली भिंत दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दादा मनोविकाराच्या वॉर्डात राहून बरा झाला. गावी परतला तर बाबाचा जयजयकार, आणि हा गप्प.

"पागलाच्या वार्डात होतो म्हणू काय लोकायले?" मला म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

पुढे मी माहेरी असताना शेजारीण नवऱ्याला घेऊन बाबाकडे निघाली. तोही दादासारखाच, सकाळपासून पिणारा. दादाला ओट्यावर बघून ती थांबली. "भाऊ, दोऱ्यानंच सुटली न तुमची?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि खुशाल मान डोलावली.

त्याच्या एका होकारावर त्या माणसाचा जीव जाणार होता. मी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "खोटं सांगून राह्यला हा. दोरा बांधून मरत होता, पागलाच्या वार्डात वाचला. तुह्या नवऱ्याले तिथंच ने. चाल, मी येतो संगं."

शेजारीण रडायला लागली, पण आली. तिच्या नवऱ्याचेही हात थरथर कापले, त्यालाही नको नको ते दिसलं. फक्त तेव्हा जवळ डॉक्टर होते, बघे नव्हते.

दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. हिने गावात माझं नाक कापलं, असं वहिनीला सांगतो. रुसू दे. रुसायला जिवंत तरी आहे.