शैलाचा एक फोटो हवाय

गेल्या शनिवारी सकाळी चहा घेऊन डायनिंग टेबलाशी बसलो आणि फोनमधले जपानचे फोटो उघडले. हवा होता एकच फोटो... शैलाचा. माझ्या बायकोचा.

येत्या रविवारी तिचं वर्षश्राद्ध. भिंतीवर सध्या पासपोर्टचाच फोटो मोठा करून लावलाय, त्यात ती इमिग्रेशन ऑफिसरवर रागावल्यासारखी दिसते. आमची मुलगी तनया म्हणाली, "बाबा, प्लीज, जपानमधला लावू या ना. तिथे आई खूश होती."

होती खरी. तनया नोकरीसाठी दोन वर्षं टोकियोत होती, तेव्हा आम्ही इथून अमेरिकेतून, पार्सिपनीहून, दर सीझनला तिच्याकडे जायचो. ती ऑफिसला गेली की आम्ही दोघं ट्रेनने समुद्रकाठचं एखादं गाव गाठायचो, संध्याकाळी परत. जूनमध्ये कामाकुराला हायड्रेंजियाची फुलं, शैला त्यांना 'निळे लाडू' म्हणायची. फॉलमध्ये योकोहामाला बंदराजवळची पिवळीधमक झाडं. फेब्रुवारीत आतामीला, तिथला चेरी बाकी सगळ्यांच्या आधी फुलतो म्हणून.

माझ्या फोटोंत माणूस नसतो हे तुम्हा मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहेच. तीच माझी घमेंड! गर्दी सरेपर्यंत अर्धा-अर्धा तास एका जागी उभा राहायचो. दिवाळीला त्या फोटोंची कॅलेंडरं छापून वाटली, निम्म्या पार्सिपनीच्या किचनमध्ये माझा जपान लटकतोय...

तीन तास शोधलं. समुद्र आहे, फुलं आहेत, शैला नाही. एका ठिकाणी छत्रीचं टोक. एका ठिकाणी सावली... तीसुद्धा मी एडिट करून काढायची ठरवली होती, राहून गेली.

तनयाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, फोटोवर बोट दाबून धरा. यू विल हिअर हर." माझा फोन म्हणे फोटोच्या आगेमागे एक-दोन सेकंद आपणहून टिपून ठेवतो, आवाजासकट. इतकी वर्षं वापरतोय, मला पत्ताच नव्हता.

कामाकुरा दाबलं. आधी माझाच आवाज, "शैला, बाजूला हो, फ्रेममध्ये येतेयस." मग तिचा, "अहो, आता काय समुद्रात उडी मारू?"

मी टेबलाशी एकटाच मोठ्याने हसलो. मग दाबतच सुटलो. "झालं का? चहा गार होतोय." बाजूला हो. "अजून?" बाजूला हो, थोडी डावीकडे... किती वेळा म्हटलंय मी हे.

मग आतामी आलं.

इथे थोडं माझ्या कानांबद्दल सांगायला हवं. मी इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो, कुठला माग बिघडणार ते आवाजावरून सांगायचो. इथे एसी आणि फर्नेस दुरुस्तीचा धंदा उभा केला तोही याच कानांवर. गिऱ्हाइकाला म्हणायचो, फोन युनिटजवळ धरा... आणि बेअरिंग गेलंय की मोटर, ते घरबसल्या सांगायचो.

आतामी सगळं चढाचं गाव. फोटोत कठड्यापलीकडे समुद्र, वर गुलाबी फांदी, सुंदर आलाय. बोट दाबून धरलं. शैला काहीच बोलत नाही. नुसता तिचा श्वास... आखूड, घरघरणारा, मध्येच अडकणारा. पुढच्या फोटोत तोच श्वास, त्याच्या पुढच्यातही. आणि त्यावर माझा आवाज, "दोन मिनिटं थांब गं, ते लोक जाऊ देत."

ती थांबली. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तिचं हार्ट फेल झालं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी दम लागत होता का? मी छातीठोकपणे सांगितलं, नाही.

फोनवरून दुसऱ्याच्या तळघरातलं बेअरिंग ओळखणारा माणूस मी. चार फुटांवर उभ्या असलेल्या बायकोचा श्वास मला ऐकू आला नाही. मशीन असती तर मी पहिल्याच मिनिटाला बंद करून बाजूला ठेवली असती.

तनयाला हे अजून सांगितलेलं नाही. बेटा, इथे वाचशील तर फोन कर... पण लगेच नको.

बाकीच्यांनी 'काका, तुमची काय चूक' असं कमेंटमध्ये लिहू नका. तुमचा चांगुलपणा कळतो, पण ते मला पटायचं नाही. त्यापेक्षा एक काम करा. मंडळाचा गणपती, तुमच्याकडचं हळदीकुंकू, पोरांचे बर्थडे, सगळे जुने फोटो जरा चाळा. शैला कुठेतरी मागे असेल. कोणाला तरी वाढत असेल, कोणाचं तरी बाळ घेऊन उभी असेल, तुमच्या फोटोत मध्येच आली असेल.

डोळे मिटलेले असले तरी चालेल. अर्धीच आली असेल तरी चालेल. रविवारच्या आत पाठवा, जन्मभर आभारी राहीन... फक्त क्रॉप करू नका.