हळदीखालचा ठराव

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा जो तो आपला हॉल किती फूट वाढणार ते बघत होता. मी नकाशात जिन्याशेजारची खोली शोधत होते. ती नव्हतीच. तिच्या जागी दोन गाड्या काढल्या होत्या.

ती खोली म्हणजे आम्हा बायकांची वाचनखोली. दुपारी तीनला जमायचं, एकीनं मोठ्यांदा वाचायचं, बाकीच्यांनी ऐकता ऐकता मेथी निवडायची. मी शाळेत गेले चौथीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते तिथल्या सतरंजीवर. म्हणून सेक्रेटरींना म्हटलं, खोली गेली तर माझी शाळाच गेली. हे सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचे. बोलायला नम्र, पण कागदाशिवाय हलायचे नाहीत.

"काकू, खोली महिलांना दिल्याचा ठराव दाखवा, लगेच नकाशात घालतो."

"अहो, चाळीस वर्षं बसतोय आम्ही तिथे."

"बसायला काय, पार्किंगमध्ये मांजरही बसतं. आपण ठराव आणा."

सभेत जे ठरतं ते लिहायच्या वह्या सोसायटीच्या कपाटात असतात. दुसरी होती, तिसरी होती, चौथी होती. पहिली नव्हती, आणि आमचा ठराव पहिलीत. मग मी गेले पहिल्या सेक्रेटरींकडे. ते मागच्या इमारतीत राहतात, वय नव्वद, पण आवाज अजून सभा चालवल्यासारखा.

"वही मीच घरी आणली," ते म्हणाले. "सोसायटीत ठेवली असती तर हरवली असती."

"बरं केलंत. कुठे ठेवलीत?"

"सुरक्षित."

"म्हणजे कुठे?"

"ते मलाच आठवत नाही, तर चोराला काय सापडणार?"

त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "अहो, देवघराखालच्या कप्प्यात आहे. दर दसऱ्याला तुम्हीच पूजता ना तिला?"

आता दसऱ्याला पुस्तकं, वह्या, हत्यारं आपण सगळेच पूजतो. माझी तर शिवणाची कात्रीसुद्धा पाटावर असते. पण ह्या गृहस्थांनी सोसायटी उभी केली हे आयुष्यातलं मोठं काम मानलेलं, त्यामुळे सरस्वतीच्या शेजारी ही वही. तीही मिटून नाही, उघडून. मधलं पान आपोआप उघडायचं, मग त्याच पानावर दरवर्षी हळद, कुंकू, अक्षता, आणि वरून फुलानं पाणी.

लाल कापडातून वही निघाली. पान उघडलं. वर 'ठराव क्रमांक सात' एवढं दिसलं. खाली सगळी हळद. शाई पाण्यात मिसळून हिरवी झालेली, आणि जिथे 'महिला' असं काही असावं तिथे तांदूळ चिकटलेला. निष्काळजीपणानं गेलेले कागद मी खूप पाहिलेत, भक्तीनं गेलेला हा पहिलाच.

तरी मी सेक्रेटरींना बोलावून घेतलं. त्यांनी मोबाईलचा दिवा धरून पान पाहिलं. "काकू, हे वाचण्यापेक्षा ह्याला नमस्कार करणं सोपं आहे."

पहिल्या सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या, "पुढची सभा बघा की. प्रत्येक सभेत आधी मागचं वाचून दाखवतात. कोणीतरी भांडलं असेलच. पुण्यात बिनविरोध काही कायम होतं का?"

दोन पानं उलटली. तिथवर पाणी पोचलं नव्हतं. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'ठराव क्रमांक सातने जिन्याशेजारील खोली महिला सभासदांस वाचनासाठी कायमची दिली, त्यास माझा सक्त विरोध आहे. महिला दुपारभर वाचत बसल्यास घरोघरी चारचा चहा पाचला मिळेल. माझा विरोध शब्दशः नोंदवावा.' त्याखाली लिहिलं होतं, 'विरोध फेटाळून ठराव कायम.' शेजारी विरोध करणाऱ्याची सही.

सही मी नाव वाचायच्या आधीच ओळखली. आमच्या ह्यांची.

हे जाऊन आता आठ वर्षं झाली. जन्मभर मला ऐकवत आले, "तुझ्या खोलीसाठी मी सभेत केवढा भांडलो." भांडले होते, एवढं खरं.

पुढच्या रविवारी सभा झाली. मी उभी राहून ते सगळं वाचून दाखवलं, सहीच्या मालकासकट. चहापाशी आल्यावर मागच्या रांगेतले म्हातारे सगळ्यात जास्त हसले. त्यांचाही चहा तेव्हा पाचलाच येत होता म्हणे. कोणी हरकत घेतली नाही. दोन गाड्या नकाशातून निघाल्या, खोली आली.

सभा संपल्यावर सेक्रेटरी नव्या वहीत जुना ठराव उतरवायला बसले. मला हळूच म्हणाले, "काकू, विरोधाचा भाग गाळतो. तुमच्याच यजमानांचा, बरं दिसत नाही."

"एक अक्षर गाळू नका," मी म्हटलं. "त्यांनी शब्दशः नोंदवायला सांगितलंय. आणि त्यांनी विरोध केला नसता तर तुम्हाला दाखवायला माझ्याकडे होतं काय? हळद?"

त्यांनी लिहिलं. मी चष्मा लावून शेजारी बसले आणि चहासकट सगळं ताडून पाहिलं.