वाघान व्हेल्यान तेका

मी लहान मुलांसाठी हरवलेल्या कुत्र्यांच्या रहस्यकथा लिहिते. हे ऐकून आमच्या वाडीतली माणसं हसतात, हसू देत. इथे कुत्रा हरवण्यात रहस्य कसलं आलंय? दोडामार्गाकडच्या या डोंगराखाली कुत्रा दिसेनासा झाला की चुलीपाशी बसलेलं माणूस मान वर न करता सांगतं, "वाघान व्हेल्यान." म्हणजे वाघाने नेला. वाघ म्हणजे बिबट्या. संपलं. चहा घ्या.

माझ्या गोष्टींत मात्र बिबट्या नसतो. मासिकाच्या संपादक बाईंनी पहिल्याच फोनवर बजावलं होतं, "बिबट्या नको हं, मुलं घाबरतात." म्हणून माझा कुत्रा कधी पाववाल्याच्या टेम्पोतून भलतीकडे जातो, कधी कोणाच्या न्हाणीघरात अडकतो, आणि शेवटच्या पानावर शेपटी हलवत घरी येतो. त्याला शोधणारी शाळकरी मुलगी म्हणजे माझीच लेक. चौथीत आहे, माझी पहिली वाचक, आणि भलती खडूस. "आई, दार बंद होता, मगे तो भायर इलो खंयसून?" असं विचारून तिने माझ्या चांगल्या जमलेल्या गोष्टी मोडीत काढल्यात.

आमचा स्वतःचा कुत्रा गावठी होता. तांबूस, एक कान पडलेला. पिल्लू असताना लेकीनेच काजूच्या बागेतून उचलून आणला. रोज सकाळी तिला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायचा आणि एसटी हलली की माघारी येऊन माझ्या पायात घुटमळायचा. मेल्याचा मला राग यायचा. आता पायात काही येत नाही, तरी मी स्वयंपाकघरात जपून वळते.

तो गेला त्या दिवशी व्हाळापलीकडचे, म्हणजे ओढ्याच्या त्या बाजूचे मुंबईकर गणपती आटोपून परत निघाले. त्यांचं घर चतुर्थीला उघडतं, नंतर शिमग्याला. ते आले की आमचा कुत्रा तिकडेच मुक्कामाला असायचा, कारण तिथे पोरं त्याला लाडू भरवायची. पहाटे गाडी भरताना नेहमीचा गोंधळ, कोणाची चप्पल सापडत नाही, कोणी नारळाचं पोतं विसरलंय. जाता जाता त्यांच्यातल्या वहिनींनी कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. "सोमवारी देवाकडे दिवो लावा हां." दर वर्षी असंच चालतं. घर बंद असलं तरी देव काळोखात राहू नयेत, म्हणून शेजाऱ्याने जाऊन दिवा लावायचा. मी किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

दुपारी मुंबईहून फोन आला. नवऱ्याच्या भावकीतले कोणी एक काका वारले. मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. तरी सुतक ते सुतक. सुतकात दुसऱ्याच्या देवाकडे जायचं नाही, दिवा लावायचा नाही. सासूबाईंनी मला बजावलं, "सुतक फिटल्याबगर तिकडे पाय घालू नको गो." मी तरी कशाला घालते? मला तेवढंच एक काम कमी.

संध्याकाळी कुत्रा जेवायला आला नाही. नवरा बॅटरी घेऊन काजूच्या बागेपर्यंत जाऊन आला. चिखलात वाघाचे ठसे होते म्हणाला. ठसे आमच्याकडे कायमच असतात. पण ते ऐकल्यावर पुढे कोणी काही शोधलं नाही. लेकच तेवढी अडून बसली.

"रगात खंय? केस खंय पडले?"

"वाघ काय सांडीत जाता काय गो?" सासूबाई म्हणाल्या.

मग ती उठली. जेवली, शाळेत गेली. रडली नाही, आणि मलाही रडू आलं नाही. मला एकच हवं होतं, तो झटक्यात गेला असं तिच्या मनात राहावं. "वाघ मानेक धरता, काय कळना नाय," असं मीच तिला सांगितलं. माझ्या गोष्टींतलं काहीही मी इतक्या ठामपणे लिहिलेलं नाही.

पाऊस मागे हटत नव्हता. एकदा भांडी घासताना व्हाळाच्या बाजूने तो भुंकल्यासारखं वाटलं. हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. व्हाळ एवढा भरून वाहत होता की पुढे काही ऐकू येईना. सासूबाई म्हणाल्या, "कानात रव्हता गो तो आवाज." मला पटलं. पातेलं धुऊन पालथं घातलं.

सुतक फिटलं. घरात गोमूत्र शिंपडलं, अंथरुणं-पांघरुणं धुतली, आणि मी तेलाची बाटली, वाती नि किल्ली घेऊन व्हाळापलीकडे गेले. व्हाळावरचा साकव, आमचा लाकडी पूल, ओलांडला तेव्हाच वास आला. घूस मेली असेल म्हटलं. कुलूप काढलं. दार आत ढकललं तर अर्धंच उघडलं, पलीकडे काहीतरी आड येत होतं.

तो होता. दाराला लागून. दाराच्या फळीवर खालून पंजा पोचेल तिथवर ओरखडे होते. पूजेचा तांब्या आडवा पडला होता, कोरडा.

मी त्याला ओलांडून आत गेले आणि देवाकडे दिवा लावला. दिवा लावायला आले होते, म्हणून आधी दिवा लावला. आता कोणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. मग नवऱ्याला बोलावलं. त्याने कुदळ आणली आणि बागेच्या कडेला खड्डा खणून कुत्र्याला पुरलं. मी फिनेल टाकून जमीन धुतली, परत धुतली. मुंबईच्या वहिनींना फोन केला. "घर बरा आसा मां?" त्यांनी विचारलं. "बरा आसा," म्हटलं. त्यांच्या पोरांना तरी कशाला?

"चेडवाक सांगू नको," सासूबाई म्हणाल्या. मी लेकीला सांगणारच नव्हते.

लेक शाळेतून आली. पडवीत टेकवलेली कुदळ तिने बघितली, तिच्यावरची ओली माती बघितली. आत येऊन माझा हात नाकाशी नेला आणि सोडला. मग खिळ्यासमोर उभी राहिली. किल्ली होती तिथेच होती, फक्त दोरा नेहमी डावीकडे लोंबतो तो आता उजवीकडे होता. माझ्याच गोष्टींनी शिकवलेलं हे सगळं. मी पाठ करून भाकरी थापायला घेतली.

"आई, तो त्या बंद घरात, दाराकडे होतो?"

वाघ हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. पण तिचा तो आवाज ऐकून मला खोटं बोलवेना.

"होय," म्हटलं.

तव्यावरची भाकरी करपली, ती मी काढली नाही.

"म्हणजे वाघान नाय व्हेल्यान," ती म्हणाली. "तो आपली वाट बघत होतो."