गेरूचं रिंगण

"ही नागीण नव्हे, बाई," जुन्नरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "कातडीखाली अळी चालतेय. इंग्रजीत क्रीपिंग इरप्शन म्हणतात, म्हणजे सरपटणारं पुरळ. तान्ह्या पोरात मीही पहिल्यांदाच बघतोय."

माझं तर डोकंच चालंना. अळी वांग्यात असती, पोरात कुठनं आली?

म्हादू माझा अजून रांगतही नव्हता. खुरपणीला गेलं की त्याला आंब्याखाली गार मातीत उघडाच निजवायचे. गावची कुत्रीबी तिथंच बसायची. मग त्याच्या कमरेवर लाल, वाकडी रेघ उठली. खाजंनं पोर नुसतं तळमळायचं.

आमच्या बोरी गावात ज्यानं त्यानं एकच सांगितलं, नागीण हाय, तिचं तोंड शेपटीला लागलं की माणूस जातं. सासूनं गेरू उगाळून रेघेभोवती जाड रिंगण काढलं. सकाळी बघते तर रेघ रिंगणाच्या पल्याड! तिनं दुसरं काढलं, तेबी ओलांडलं. मग रेघ वळून मागं फिरली, तशी मी पोर उचललं आन् ह्यांना म्हणलं, "गाडी जुंपा."

डॉक्टर गेरू धुवायला लागले, तसा मी त्यांचा हातच धरला. "आवं, नका! तेवढाच आडसर हाय!"

"याच्याखाली जखम चिघळलीय, ती आधी साफ करू द्या. अळी आपोआप मरेल. तिला मारायचं खात्रीचं औषध माझ्याकडे नाही. मातीतून आली असावी, असं वाटतं."

असावी! वाटतं! डॉक्टरालाच ठावं न्हाई, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? पण गेरूखालचा पू दिसला आन् मी हात सोडला.

घरी उकळलेल्या पाण्यानं धुवायचं, मलम लावायचं, एवढंच काम व्हतं. गेरू धुऊ दिला म्हणून सासूनं माझ्याशी अबोला धरला. बायांनो, तुमच्या लेकराच्या अंगावर अशी चालती रेघ दिसली तर लेप थापू नका, डॉक्टराला दाखवा. आन् उघडं लेकरू मातीत निजवू नका. मला हे लई उशिरा कळलं.

एके सकाळी न्हाऊ घालताना बघते तर रेघेचं तोंड शेपटीला लागलेलं.

"आत्याबाई!" मी किंचाळले. सासू धावत आली, म्हादूला हिसकून छातीशी धरलं. दोघी नुसत्या त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं तिच्या चोळीला तोंड लावलं, काय मिळंना म्हणून भोकाड पसरलं.

"अगं, भुकेजलाय की!" सासू म्हणाली. "पाज त्याला आधी."

म्हादू चुटूचुटू प्यायला लागला आन् मी रडायला लागले.