हरकत एकच आली

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते जुन्या फायलींवर धुळीसारखे बसतात. एखादी फाईल झटकली की उडतात आणि नेमके डोळ्यांत जातात! माझ्या लग्नाला अजून पाच वर्षं व्हायचीत, नोकरीलाही फार वर्षं झालेली नाहीत, तरी साठा बराच झालाय. मी कमी बोलते म्हणून घरी सासूबाई काळजीत असतात. ऑफिसात मी कमी बोलते म्हणून लोक माझ्यासमोर सगळं बोलतात.

यवतमाळच्या जिल्हा कचेरीत माझं टेबल नियमांचं. कायदा सभागृहात होतो हे शाळेत शिकवतात. त्याखालचे नियम मुंबईत एखादं खातं लिहितं, हे नोकरी लागल्यावर कळतं. मसुदा आधी जिल्ह्यात येतो, लोकांनी तीस दिवसांत हरकती द्यायच्या. मग नियम पक्के होऊन सभागृहात ठेवतात, आणि ते नीट झालेत का हे आमदारांची एक समिती तपासते. कागदावर तरी असंच!

*

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला. लोकांनी फवारे वाढवले, आणि फवारणारी माणसंच यवतमाळच्या दवाखान्यात भरती व्हायला लागली. काही घरी परतली नाहीत. मग मदतीच्या नियमांचा मसुदा आला.

आमचे अव्वल कारकून गावंडेभाऊ प्रत्येक मसुदा शेखचाचांना वाचून दाखवायचे. चाचा आमचे शिपाई, निवृत्तीला आलेले. भाऊंचं म्हणणं, पूर्णविराम यायच्या आत चाचा झोपले तर मसुदा उत्तम! या मसुद्यात नियम ४ म्हणजे दीड पानाचं एकच वाक्य होतं. "फवारणीमुळे विषबाधा झालेल्या शेतधारकास अथवा त्याच्या वारसास..." चाचांनी डोळे मिटले. भाऊ खुशीत आले.

चाचा डोळे न उघडताच बोलले, "भाऊ, ये मालक लोग कब से फवारने लगे?"

सगळे हसले. मीही हसले. हसून झाल्यावर मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात मजूर कुठेच नव्हता.

*

मसुदा नोटीस बोर्डावर लावायचा असतो. बोर्डाला काच, काचेला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे होती त्याची बदली उमरखेडला झालेली. फोन केला तर म्हणाला, "हाये ना माह्यापाशी, जपून ठेवली हाये!"

शेवटी मसुदा पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर चिकटवला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचा कोपरा फाडून त्यात तंबाखूचा खर्रा बांधून नेला. हरकती कुठे पाठवायच्या, तो पत्ता होता त्या कोपऱ्यात.

*

तरी एक बाई आल्या. सिंधूताई, राळेगावकडच्या. नवरा लोकांच्या पराटीवर, म्हणजे कापसावर, फवारा मारायचा, सकाळी पंप पाठीवर घेऊन गेला, तो दवाखान्यातच संपला. मदतीच्या अर्जावर शेरा आला होता, "सातबारा जोडलेला नाही." गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मसुद्याचं सांगितलं आणि दोन ओळी लिहून दिल्या: 'माझे मालक दुसऱ्याच्या शेतात फवारत होते. नियमात अशा माणसाले घ्या.'

भाऊंनी कागद उलटा करून पाहिला. "ताई, हा अर्ज झाला. हरकतीत नियमाचा नंबर लिहा लागते."

"मले काय मालूम नंबर? मले मानूस मालूम हाये."

मी पेन घेतलं आणि वर लिहून टाकलं, 'नियम ४ बाबत.' शिक्का मारला. बाविसावा दिवस होता.

*

पण आमचा अहवाल विसाव्याच दिवशी मुंबईला गेला होता! आमच्याकडे तशी पद्धतच आहे. मसुदा आला की 'हरकती निरंक', म्हणजे एकही नाही, असं पत्र त्याच दिवशी टाईप करून ठेवायचं, शिपाई पोस्टाच्या बाजूला जाणार असेल तेव्हा द्यायचं. या वेळी जरा लवकर गेलं.

"इतक्या वर्षांत कधी कोनाची हरकत आली नाही, बाई," भाऊ डोकं धरून बसले. "आता दुसरं पत्र पाठवलं तर विचारतीन, पहिलं काहून पाठवलं?"

कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला. नियम होते तसेच पक्के झाले.

रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, "मंग तू काय बोलली?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"आवक रजिस्टरात लिहिलं. तारखेसकट."

त्यानं माझ्या ताटात वरण वाढलं.

*

पुढे ती आमदारांची समिती जिल्ह्यात आली. अध्यक्षांनी विचारलं, "या नियमांवर जिल्ह्यातून काय हरकती होत्या?"

आमचे साहेब म्हणाले, "निरंक, सर."

मी मागे रजिस्टरं धरून उभी होते. एक अध्यक्षांसमोर ठेवलं. उघडं. अध्यक्षांनी नोंदीवर बोट ठेवलं आणि तारीख मोठ्यानं वाचली.

भाऊ उठले. "साहेब, निरंक मीच लिवलं. बाई आलती. कागद माह्या ड्रॉवरात हाये."

आता भाऊंचं काय होतं, म्हणून मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "बसा भाऊ. हे नियम तीस दिवस सभागृहात आमच्यासमोर होते. आम्हीही निरंकच लिहिलं की!"

कुणी हसलं नाही.

*

वर्षभरानं दुरुस्ती आली. नियम ४ मध्ये शेतमजूर आला. आणि शेवटी ती नेहमीची ओळ: प्रसिद्धीच्या दिनांकापासून अंमलात येईल.

सिंधूताई आल्या तेव्हा भाऊ निवृत्त झाले होते. मलाच सांगावं लागलं, की नियम झाला, पण मागच्या माणसांना लागू नाही.

"म्हंजे याहिले नाही."

"नाही, ताई."

"पुढच्याहिले भेटंन?"

"भेटेल."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "वाचून दाखवा सगळं." मी राजपत्र वाचायला घेतलं. "ज्याअर्थी, प्राप्त झालेल्या हरकती विचारात घेऊन शासन..."

"थांबा. किती हरकती आलत्या?"

"एक."

"मंग थे पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

"नाव नाही लिवत का त्यात?"

"नाही. नाव नसतं लिहीत."

त्यांनी माझं पेन मागितलं. त्या ओळीच्या बाजूला, समासात, पहिलीतल्या मुलीसारख्या मोठ्या अक्षरांत नवऱ्याचं नाव लिहिलं. खूप वेळ लागला. मग कागद घडी न करता माझ्यासमोर सरकवला.

"हे तुमच्यापाशीच राहू द्या, बाई. माह्या घरी पानी गळते."