विमानात हरवलेली गादी

तर दाभणमामांच्या खांद्यावर गादीची वळकटी, मामी मागे, आणि विमानतळाच्या काउंटरवरची पोरगी डोळे विस्फारून विचारतेय, "काका, हे काय?" इथवर काल गोष्ट आली होती. मामा म्हणाले, "गादी." पोरगी म्हणाली, "विमानात बसायला खुर्ची देतात हो." मामा म्हणाले, "देत असतील. ही नातीसाठी आहे, आणि नात पलीकडे आहे." पोरगी हसली. तिने वळकटीला एक लांबलचक कागदी चिठ्ठी चिकटवली, तिचाच एक तुकडा तिकिटावर लावून दिला आणि सांगितलं की हे धूड इथल्या पट्ट्यावर मावायचं नाही, त्या कोपऱ्यात मोठ्या सामानाची खिडकी आहे, तिथे तुम्हीच नेऊन द्या.

खिडकीपुढे रांग होती. आणि रांगेत रिकामा हात म्हणजे दाभणमामांच्या हिशेबी फुकट गेलेला हात.

दाभणमामा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. माणूस गाद्या शिवणारा. सदऱ्याच्या कॉलरला दोरा ओवलेलं दाभण कायम खोचलेलं, त्यावरून गल्लीने हे नाव पाडलं आणि बायकोला फुकटात मामी करून टाकलं. मामा कुणाला कौतुकाने जवळ घ्यायला निघाले की समोरचा आधी त्यांची कॉलर बघायचा. असा माणूस रांगेत उभा, आणि समोर चिठ्ठी लोंबतेय. शिवलेल्या वस्तूवर काही सुटं लोंबत राहिलं की मामांना राहवायचं नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या गादीला बोटभर धागा सुटा राहिलाय हे रस्त्यात आठवलं, तर भर उन्हात परत जाऊन तो कापून आले होते. त्यांनी दाभण काढलं, चिठ्ठीची व्यवस्थित घडी घातली, खोळीच्या शिवणीआड सारली आणि वरून उलटा टाका घालून अशी बंद केली की वरून बघणाऱ्याला टाकाही दिसू नये.

"अहो, काय चाललंय?" मामी म्हणाली.

"पडली असती ती."

"बरं झालं विमान बाहेर उभं आहे. नाहीतर त्याचीही शिवण तपासली असती."

खिडकीवरचा हमाल घाईत होता. चिठ्ठी खालच्या अंगाला असेल असं धरून त्याने वळकटी आत ढकलली. पुढे तपासणीत दाभण काढून घेतलं, ते वेगळंच. विमानभर मामांचा हात कॉलरकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

आता कुणी म्हणेल, गादी ती काय, पलीकडे गाद्या मिळत नाहीत? मिळतात की. पण त्या गादीत जो कापूस होता तो कुठल्या दुकानात मिळणार?

मामांचं लग्न झालं तेव्हा गावभरच्या गाद्या शिवणाऱ्या या माणसाच्या घरी चटई होती. एक खोली, तीही भाड्याची. बाळ होणार असं कळलं तेव्हा मामांनी कापूस साठवायला घेतला. काम झाल्यावर मूठभर उरला की गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या तुम्हालाच." ती मूठ मामा रुमालात बांधून घरी आणायचे. डॉक्टरची मूठ, शाळेच्या शिपायाची मूठ, कुणा श्रीमंत म्हातारीची पसाभर. मूठमूठ करत पोटापुरती, म्हणजे पोटातल्या पोरीपुरती, गादी झाली. मामी म्हणायची, "हिच्या अंगाखाली निम्मं गाव आहे."

पोरगी त्याच गादीवर, दुकानातच वाढली. मामा धनुकलीने कापूस पिंजायचे, ताणलेल्या तारेचा तुंय तुंय असा सूर दिवसभर घुमायचा, आणि पोरगी त्या सुरात गाढ झोपायची. गंमत अशी की सूर थांबला की ती टक्क जागी. त्यामुळे कापूस संपला तरी मामा नुसत्या हवेवर तार छेडत बसायचे. येणाजाणारे विचारायचे, "मामा, काय पिंजताय?" मामा ओठांवर बोट ठेवायचे आणि खाली झोपलेल्या पोरीकडे बोट दाखवायचे. संध्याकाळी दुकानातली सगळी माणसं भुवयांपर्यंत पांढरी झालेली असायची. मामी म्हणायची, "लग्न केलं तेव्हा नवरा काळाकुळकुळीत होता, रोज संध्याकाळी म्हाताऱ्याबरोबर जेवते."

पोरगी वाढली तशी गादी उसवायची, कापूस पुन्हा पिंजायचा, त्यात थोडी भर घालायची आणि हातभर मोठी शिवायची. पुढे फोमच्या गाद्या आल्या. त्या उसवायच्या नाहीत, पिंजायच्या नाहीत, बसल्या की फेकायच्या. तारेचा सूर गल्लीतून गेला. लोकांना आधी सुटल्यासारखं वाटलं, मग चुकल्यासारखं. पोरगी लग्न होऊन विमानाच्या अंतरावर गेली, आणि नात झाल्याचा फोन आला त्या दिवशी मामांनी माळ्यावरून जुनी गादी काढली. गच्चीवर कापूस वाळवला, भिंतीवरची धनुकली उतरवली आणि पिंजला. मामीच्या चहात पुढे कितीतरी दिवस कापूस निघत होता. ती गाळून प्यायची. एक टोमणा मारला नाही, यावरूनच समजा.

तर विमान उतरलं. पट्टा फिरायला लागला. लोकांच्या बॅगा आल्या, गेल्या. शेवटी एक बिनचाकाची बाबागाडी एकटीच प्रदक्षिणा घालत राहिली. गादी आली नाही.

न्यायला आलेला जावई हुशार. त्याने तिथल्या तिथे तक्रार नोंदवली. हरवलेल्या सामानाच्या टेबलावर एक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी तिकिटावरच्या तुकड्याचा नंबर यंत्रात घातला आणि मान हलवली. "तिकडे सामान दिल्याची नोंद आहे. इथे कुठेच नाही. शोधतो काका."

मामा घरी आले. नात कपाटाच्या खणाएवढ्या पाळण्यात, विकतच्या गादीवर किरकिर करत होती. मामांनी त्या गादीवर तळवा दाबून बघितला आणि उचलला. मुलीने विचारलं, "बाबा, आपलीच होती का हो ती? माझी?" मामा म्हणाले, "येईल." मुलगी म्हणाली, "मी हिला सांगून ठेवलंय, आजोबा माझी गादी घेऊन येतायत." त्यानंतर मामांना जेवण गेलं नाही.

मग सुरू झाल्या खेपा. जावई कामावरून सुटला की मामा-मामीला घेऊन विमानतळावर. बाई रोज यंत्रात बघायच्या. असं करत आठवडे गेले, आणि एके दिवशी बाईंनी चष्मा काढून ठेवला. "काका, कंपनी आता सामान हरवलं असं मानायला तयार आहे. भरपाई मिळेल. इथे सही करा."

"मग शोधायचं काम कोण करणार?" मामांनी विचारलं.

"भरपाई घेतली की शोध थांबतो. फाइल बंद."

जावई हळूच म्हणाला, "मामा, घ्या. बाळासाठी चांगली तयार गादी घेऊ, वर खेळणीही येतील. जुनं सामान गेलं तर कंपन्या इतकंही देत नाहीत."

मामांनी पेन हातात घेतलं आणि नुसतं धरून बसले. सही केली तर ती मूठमूठ गेली, सगळी एकदम, आणि ती पण स्वतःच्या हाताने. बाईंना त्यांचं तोंड बघवेना. बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "चिठ्ठी नीट लावलेली होती ना काका? कधीकधी गळून पडते."

मामांचा चेहरा एकदम उजळला. कामाबद्दल विचारलं की तो तसा उजळायचाच. "गळून कशी पडेल बाई? तुमच्या लोकांनी नुसती चिकटवली होती. मी ती आत घेतली, घडी घालून, आणि उलट्या टाक्याने बंद केली. अशी, की कुणाला सापडायची नाही."

मामीने कपाळाला हात लावला. जावयाने छताकडे बघितलं. मामा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांचा आवाज हळूहळू खाली आला. "म्हणजे... कुणालाच सापडायची नाही."

"जन्मात पहिल्यांदा यांचा टाका कुणाच्या नजरेत भरायला हवा होता," मामी म्हणाली, "आणि नेमका तोच लपवला."

जावई पुढे वाकला. "मॅडम, हे लिहायलाच हवं का? प्रवाशाने चिठ्ठी झाकली असं लिहिलं तर भरपाई बुडाली."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मी अजून काही ऐकलेलं नाही. काकांनी ठरवायचं."

मामांनी सही न केलेला कागद बाईंकडे परत सरकवला. "ऐकलंत ते सगळं लिहा. आणि ज्या सामानाला चिठ्ठी नसते ते कुठे ठेवता, तिथे मला घेऊन चला."

"मामा, पुन्हा विचार करा," जावई म्हणाला. "तिथेही नसली तर दोन्हीकडून गेलं."

"जाऊ दे. न शोधता गेली असं पोरीला कसं सांगू?"

विमानतळाच्या मागच्या अंगाला लांबलचक पत्र्याचं गोदाम होतं. आत बेवारशी सामानाच्या भिंतीच्या भिंती. एक चाक तुटलेल्या बॅगा, छत्र्यांची मोळी, एकटा बूट, तार नसलेली सतार, कुणाचं तरी नीट इस्त्री केलेलं लग्नाचं कापड. मामा निळ्या पट्ट्यांची खोळ शोधत होते. नोंदीतही "निळे पट्टे" असंच लिहिलेलं. या मांडणीत नाही, त्या मांडणीत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेले, परत आले. निळं जे दिसलं ते कुणाचं तरी ताडपत्रीचं बोचकं निघालं. मामांचे खांदे पडले. जावई घड्याळ बघायचं टाळत होता, हे त्याचं मोठेपण.

मामीचे गुडघे बोलायला लागले होते. भिंतीशी काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेलं एक गाठोडं पडलं होतं, त्यावर ती बसली.

"काकू, सामानावर बसू नका," बाई म्हणाल्या.

मामी उठली नाही. जरा डावीकडे सरकली, जरा उजवीकडे सरकली, आणि मामांकडे बघून म्हणाली, "अहो, शोधायचं थांबवा. ही आपली आहे."

"प्लास्टिक आहे ते," जावई म्हणाला.

"जावईबापू, सारा संसार यांच्या गाद्यांवर काढलाय मी. डोळ्याला नसेल कळत, बसल्यावर कळतं."

बाईंनी प्लास्टिक कापलं. आत निळे पट्टे. वळकटी विमानातून उतरवताना कशात तरी अडकून एका बाजूने उभी फाटली होती, कापूस बाहेर पडू नये म्हणून कुणी भल्या माणसाने ती काळ्यात गुंडाळली होती, आणि तेव्हापासून निळं शोधणाऱ्याला ती दिसणं बंद झालं होतं. जावयाने तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. मग बाईही हसल्या.

मामा हसले नाहीत. ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि फाटलेल्या जागेतून हात कोपरापर्यंत आत घातला. डोळे मिटून आत चाचपत राहिले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. डॉक्टरची मूठ, शिपायाची मूठ. बाहेर काढलेली चिमूट त्यांनी गालाला लावून बघितली, मग फुंकर मारली. ती गोदामाच्या उजेडात वर गेली आणि मामीच्या केसांवर बसली. मामीने ती झटकली नाही.

बाईंनी चष्मा लावला, कोरा कागद काढला आणि गुडघ्यावर धरला. "काका, हरवल्याची भरपाई गेली, पण सामान फाटलंय. त्याचीही भरपाई मागता येते, मात्र लगेच लिहायला हवं. चिठ्ठीचं काय म्हणायचं ते कंपनी म्हणेल. नुकसान काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा, तसंच लिहिते."

मामा म्हणाले, "लिहा, कापड फाटलं. कापड फाटायलाच असतं बाई, म्हणून तर आमचं पोट चाललं. कापूस कोरडा आहे, जिथला तिथे आहे. आणि जरा भरभर लिहा, नात उठायच्या आत घरी पोचायचंय."